हॅशच्या पोटात काय आहे? : पर्ल, 'डेटा::डम्पर' आणि डेटा डोळ्यांनी पाहण्याची धडपड

१/
फेब्रुवारी १९९६. इंग्लंडमधील केंब्रिज. युरोपातील सर्वांत मोठ्या डीएनए क्रमनिर्धारण केंद्रात एक बैठक भरली होती. समोर बसले होते अमेरिकेतील सर्वांत मोठ्या केंद्राचे संगणकतज्ज्ञ. दोन्हीकडील प्रयोगशाळांच्या पद्धती जवळजवळ सारख्या, डेटाबेस जवळजवळ सारखे, विश्लेषणाची साधनेही जवळजवळ सारखी. तरीही एका केंद्राचा डेटा दुसऱ्याच्या कामाचा नव्हता. मानवी जनुकसंचाची सुमारे ३०० कोटी अक्षरे वाचायला निघालेली ही माणसे एकमेकांच्या फाइली मात्र वाचू शकत नव्हती.

२/
हा प्रसंग लिंकन स्टाइन यांनी त्याच वर्षी 'द पर्ल जर्नल'मध्ये लिहिलेल्या लेखाच्या आरंभी येतो. पर्ल या संगणकभाषेने ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट कसा वाचवला, असे त्या लेखाचे शीर्षक होते. 'वाचवला' हा शब्द जरा मोठाच; पण त्यामागची अडचण खरी होती. डेटा साठवणे एक वेळ सोपे. त्याच्या आत नेमके काय आहे हे दुसऱ्याला दिसणे अवघड. या 'दिसण्या'साठी पर्लच्या जगात जी साधने घडली, त्यांचा हा इतिहास.

३/
पर्लचे जनक लॅरी वॉल हे शिक्षणाने भाषाशास्त्रज्ञ. ज्यांच्या भाषेला अजून लिपी नाही अशा एखाद्या समाजात जाऊन काम करण्याचा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा मानस होता. प्रकृतीच्या कारणाने तो बेत राहिला आणि ते संगणकाच्या नोकरीत स्थिरावले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर विखुरलेल्या संगणकांची व्यवस्था सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी त्यांनी यूजनेट या वार्तासेवेचे सॉफ्टवेअर वळवून घेतले. मग वरिष्ठांनी अहवाल मागितले. माहिती असंख्य मजकूर-फाइलींत पसरलेली, आणि तेव्हा प्रचलित असलेले 'ऑक' हे साधन एवढ्या फाइली हाताळायला अपुरे.

४/
वॉल यांनी नवी भाषाच लिहिली. तिचे नाव आधी 'मोती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून, पूर्ण स्पेलिंगसह ठरले होते. त्या नावाची एक भाषा आधीपासून आहे असे कळल्यावर त्यातले एक अक्षर गळाले. १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्लची पहिली आवृत्ती जगापुढे आली.

भाषाशास्त्रज्ञाचा हात तिच्यात पदोपदी दिसतो. एका मूल्याच्या नावामागे डॉलरचे चिन्ह, अनेक मूल्यांच्या यादीमागे 'ॲट'चे चिन्ह : म्हणजे एकवचन आणि अनेकवचन. नाव देऊन मूल्य शोधायचे असेल तर टक्क्याचे चिन्ह. या तिसऱ्या प्रकाराला पुढे 'हॅश' हे सुटसुटीत नाव रूढ झाले. शब्दकोशात शब्द दिला की अर्थ मिळतो, तसे हॅशमध्ये 'की' दिली की मूल्य मिळते.

५/
१९९१ मध्ये पर्लची चौथी आवृत्ती आली आणि मुखपृष्ठावर उंट असलेले वॉल व रँडल श्वार्ट्झ यांचे पुस्तकही. भाषा लोकप्रिय झाली. पण तिच्यात एक मोठी उणीव होती. यादीत किंवा हॅशमध्ये फक्त साधी मूल्ये ठेवता येत. यादीच्या आत यादी, हॅशच्या आत हॅश शक्य नव्हते.

लोकांनी पळवाटा काढल्या. दोन 'की' एका अदृश्य नियंत्रण-अक्षराने चिकटवायच्या आणि ती एकच 'की' आहे असे भासवायचे. ही सोय तर भाषेतच दिलेली होती. तक्ता सपाट, पण दोन मजल्यांचा असल्याचे सोंग. जोवर तेच अक्षर खऱ्या डेटात येत नाही, तोवर हे सोंग निभावत असे.

६/
१७ ऑक्टोबर १९९४ रोजी पाचवी आवृत्ती आली. अंतर्भाग जवळपास नव्याने लिहिलेला. तिच्यात 'रेफरन्स' आले, म्हणजे मूल्याऐवजी मूल्याच्या जागेचा निर्देश. आता हॅशच्या एका 'की'पुढे संपूर्ण यादी, त्या यादीच्या प्रत्येक घरात आणखी एक हॅश, असे कितीही मजले चढवता येऊ लागले. एक डीएनए नमुना, त्याची अनेक वाचने, प्रत्येक वाचनातील अक्षरे आणि प्रत्येक अक्षराच्या खात्रीचा अंक, हे सारे एकाच रचनेत मावू लागले. टॉम क्रिश्चनसेन यांनी अशा रचनांसाठी लिहिलेले 'पाककृतींचे पुस्तक' आजही पर्लच्या अधिकृत दस्तऐवजांत आहे.

७/
नवी अडचण लगेच उभी राहिली. पूर्वी मूल्य छापा म्हटले की मूल्य छापले जाई. आता रचना छापा म्हटले की पर्ल छापत असे 'हॅश' हा शब्द आणि पुढे कंसात मेमरीतील एक षोडशमान क्रमांक. पेटाऱ्यात काय आहे असे विचारावे आणि कारकुनाने पेटारा कोणत्या खोलीत आहे तेवढेच सांगावे, असा हा प्रकार.

त्यात पर्लचा आणखी एक मनमोकळा स्वभाव. अस्तित्वात नसलेल्या खोलीचा दरवाजा ठोठावला, तर वाटेतल्या खोल्या पर्ल न सांगता बांधून देते. त्यामुळे लिहिणे सोपे होते. पण 'की'च्या नावात एक अक्षर चुकले तर रचनेत भुताटकीची खोली तयार होते आणि कोणताही इशारा मिळत नाही. आत डोकावून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

८/
डोकावण्याची खिडकी गुरुसामी सारथी यांनी दिली. त्यांच्या मॉड्यूलचे नाव 'डेटा::डम्पर'. (मधले दोन विसर्गासारखे ठिपके म्हणजे कपाटातील कप्पा : 'डेटा' या कपाटातील 'डम्पर' हा कप्पा.) सारथी हे पुढे पर्लच्या ५.६ आवृत्तीच्या प्रकाशनाचे सूत्रधारही झाले.

डम्परला कितीही गुंतागुंतीची रचना द्यावी. तो ती मजला-दर-मजला, नीट समासासह छापून देतो. हॅश महिरपी कंसात, यादी चौकोनी कंसात, 'की' आणि मूल्य यांच्यामध्ये बाण. आरंभी डॉलरचे चिन्ह, 'व्हार' आणि आकडा १. पर्लवर काम केलेल्या माणसाला ही पहिली ओळ झोपेतही ओळखता येईल.

९/
सारथी यांची खरी कल्पकता वेगळ्याच ठिकाणी होती. डम्पर जे छापतो ते नुसते चित्र नसते. ते स्वतः वैध पर्ल-प्रोग्रॅम असते. ती ओळ उचलून पुन्हा पर्लला दिली की मूळ रचना जशीच्या तशी उभी राहते. माणसाला वाचता येणारा आणि यंत्रालाही पुन्हा चालवता येणारा, असा एकच मजकूर. पाहणे आणि साठवणे ही दोन कामे एकाच साधनात आली.

हे दिसते तितके सोपे नाही. समजा एका रचनेत मुलाच्या नोंदीत वडिलांचा निर्देश आहे आणि वडिलांच्या नोंदीत मुलाचा. भोळेपणाने छापत गेले तर छपाई कधीच संपणार नाही. डम्पर आपण कुठून गेलो याची नोंद ठेवतो आणि पूर्वी भेटलेली जागा पुन्हा आली की 'हे वर पाहा' अशा अर्थाचा निर्देश छापतो. रचनेत एखादे फंक्शन दडलेले असेल, तर त्याच्या जागी 'डमी' असा शब्द छापून मोकळा होतो. न दाखवता येणारी गोष्ट न दाखवता येणारी आहे हे सांगण्याचा हा प्रामाणिकपणा त्या मॉड्यूलच्या लोकप्रियतेला पोषकच ठरला असावा. १९९८ मधील ५.००५ या आवृत्तीपासून ते पर्लसोबतच मिळू लागले.

१०/
असे मॉड्यूल जगभर पोहोचत कसे होते? २६ ऑक्टोबर १९९५ रोजी 'सीपॅन' हे भांडार जाहीरपणे सुरू झाले. यार्को हिएतानिएमी यांनी ते फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्यावरील सर्व्हरवर उभे केले. नमुना होता टेक या अक्षरजुळणी-प्रणालीचे तसेच भांडार. लेखकांनी मॉड्यूल जमा करण्याची व्यवस्था अँड्रियास क्योनिग यांनी बांधली. टिम बन्स यांनी मॉड्यूलांची यादी आणि नावांची शिस्त सांभाळली. 'डेटा::' या कपाटात नेमके काय जावे यावर वाद घालणारी ही मंडळी बहुतांशी स्वयंसेवक होती.

११/
आता पुन्हा जनुकांकडे. स्टाइन ज्या अमेरिकन जीनोम केंद्रात काम करत होते, तिथे त्यांनी 'बोल्डर' नावाची एक मांडणी वापरात आणली होती. ती इतकी साधी की हसू यावे. प्रत्येक ओळीवर एक नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य. नोंद संपली की एका ओळीवर नुसते बरोबरचे चिन्ह. बस.

त्यातला नियम मात्र फार विचारपूर्वक ठरवलेला. एका प्रोग्रॅमने नोंद वाचायची, आपल्या कामाची नावे उचलायची, आपली भर टाकायची आणि जी नावे आपल्याला कळत नाहीत त्यांना हात न लावता पुढे पाठवायची. एक प्रोग्रॅम नमुन्याला नाव देई, दुसरा गुणवत्ता तपासे, तिसरा प्रयोगात मिसळलेला परका डीएनए ओळखे, चौथा पुनरावृत्त भाग शोधे, पुढचा मोठ्या डेटाबेसमध्ये तुलना करी आणि शेवटचा प्रयोगशाळेच्या नोंदीत भरी. मधल्या कोणत्याही टप्प्यावर माणूस फाइल उघडून पाहू शकत असे. चूक कोणत्या टप्प्यावर शिरली, ते डोळ्यांना दिसे.

१२/
मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा २६ जून २००० रोजी जाहीर झाला आणि एप्रिल २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा झाली. श्रेय अर्थातच हजारो हातांचे. पण प्रयोगशाळांमधील अनेक जोडकामे पर्लने केली, आणि त्या परंपरेतून 'बायोपर्ल' हा जीवशास्त्राच्या मॉड्यूलांचा मोठा संच उभा राहिला.

१३/
दरम्यान डम्परच्या त्या सुंदर कल्पनेची दुसरी बाजू पुढे येत होती. डम्परने छापलेला डेटा परत उभा करायचा म्हणजे तो प्रोग्रॅम म्हणून चालवायचा. फाइल स्वतःच्या हातची असेल तर ठीक. ती बाहेरून आली असेल आणि कोणी तिच्यात 'सर्व फाइली पुसून टाक' अशी एक ओळ सरकवली असेल, तर पर्ल तीही तितक्याच निष्ठेने पाळील. डेटा आणि आज्ञा यांच्यातील भिंतच इथे नाही.

राफाएल मॅनफ्रेडी यांचे 'स्टोरेबल' हे मॉड्यूल दुसऱ्या वाटेने गेले. रचना 'गोठवायची' आणि हवी तेव्हा 'वितळवायची', असेच त्याच्या फंक्शनांच्या नावांचे अर्थ. साठवण द्विमान स्वरूपात, वेग मोठा; जुलै २००२ मधील ५.८ आवृत्तीपासून तेही पर्लसोबत येऊ लागले. पण गोठवलेली फाइल माणसाला वाचता येत नाही. आणि अविश्वासू ठिकाणची फाइल वितळवू नये, हा इशारा त्याच्याही दस्तऐवजात ठळकपणे द्यावाच लागला. नजरेआड नेल्याने धोका काही टळला नाही.

१४/
तिसरी वाट ब्रायन इंगरसन यांनी शोधली. संगणकविश्वात ते 'इंगी' या नावाने ओळखले जातात. त्यांचे 'डेटा::डेंटर' हे मॉड्यूल डम्परसारखेच रचना उलगडून दाखवी. पण कंसांऐवजी केवळ समासाच्या अंतराने. २००१ मध्ये क्लार्क इव्हान्स आणि ओरेन बेन-किकी यांच्यासोबत त्यांनी जी मांडणी घडवली तिचे नाव 'यॅमल'. आज सर्व्हरांच्या असंख्य सेटिंग फाइली यॅमलमध्ये लिहिल्या जातात. त्या लिहिणाऱ्या तरुण अभियंत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या मांडणीचा एक पूर्वज पर्लमधील डेटा पाहण्याची खिडकी होता.

१५/
या कथेतील सर्वांत नाट्यमय प्रकरण 'क्रमा'चे. हॅशमधील 'की' कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची हमी पर्लने कधीच दिली नव्हती. व्यवहारात मात्र तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तोच क्रम येई. लोक त्यावर विसंबले. डम्परने काल छापलेला मजकूर आणि आज छापलेला मजकूर अक्षरशः ताडून पाहायचा, जुळला तर प्रोग्रॅम बरोबर, अशा चाचण्या ठिकठिकाणी लिहिल्या गेल्या.

२००३ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी दाखवून दिले की, हा क्रम ठरवणारे सूत्र ठाऊक असेल तर मुद्दाम निवडलेल्या 'की' पाठवून हॅशच्या सगळ्या नोंदी एकाच कप्प्यात कोंबता येतात. मग क्षणाचे काम रेंगाळते आणि यंत्र गुदमरते. त्यांनी तपासलेल्या प्रणालींत पर्लही होती.

१६/
पर्लच्या चमूने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ५.८.१ या आवृत्तीत, सूत्रात यादृच्छिकता मिसळली. इतर अनेक भाषांना याची निकड २०११ च्या डिसेंबरपर्यंत वाटली नाही. तेव्हा जर्मनीतील एका परिषदेत हाच हल्ला पीएचपी, जावा, पायथॉन वगैरेंवर करून दाखवण्यात आला आणि धावपळ उडाली. आठ वर्षांपूर्वी छापून आलेला इशारा!

पर्ल मात्र तिथेच थांबली नाही. मे २०१३ मधील ५.१८ या आवृत्तीत प्रोग्रॅम दर वेळी सुरू होताना क्रम बदलू लागला. सीपॅनवरील अनेक मॉड्यूलांच्या चाचण्या एकाएकी कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होऊ लागल्या. दोष नवा नव्हता. इतकी वर्षे योगायोगाने झाकलेला होता. डम्परमध्ये 'की' वर्णानुक्रमे लावण्याचा पर्याय आधीपासूनच होता. तो एका ओळीत चालू करता येई. तरीही स्वयंसेवकांना मॉड्यूलामागून मॉड्यूल उघडून त्या चाचण्या दुरुस्त कराव्या लागल्या, आणि त्या कामाची आठवण क्वचितच कोणी ठेवली.

१७/
डम्परलाही न दिसणारे काही असते. पर्लमध्ये ४२ हे संख्याही असू शकते आणि '४' व '२' या अक्षरांची जोडीही. वापर पाहून पर्ल ठरवते. एकाच मूल्याच्या पोटात दोन्ही रूपे एकत्रही नांदतात. पर्लच्या आत यामुळे काही बिघडत नाही. पण जेसनसारख्या मांडणीत संख्या आणि अक्षरे वेगळी मानली जातात. तिथे डेटा पाठवताना, मध्येच ती संख्या फक्त छापून पाहिल्यामुळे ती पलीकडे अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून पोहोचण्याचे प्रसंग येत. निरीक्षणाने वस्तू बदलण्याचा असा अनुभव एरवी भौतिकशास्त्रातच ऐकू येतो.

यासाठी इल्या झाखारेविच यांचे 'डेव्हल::पीक' उपयोगी पडते. ते मूल्य न दाखवता मूल्याचा क्ष-किरण दाखवते : आत कोणती रूपे आहेत, कोणत्या खुणा चढल्या आहेत, किती निर्देश त्याच्याकडे बोट दाखवत आहेत. मे २०२२ मधील ५.३६ या आवृत्तीने अखेर त्या खुणांची व्यवस्था बदलली आणि केवळ छापल्यामुळे संख्येची ओळख पुसली जाणे थांबले.

१८/
डेटा हाताळणे झाले, पाहणे झाले. उरले डेटा निर्माण करणे. प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायची तर खोटा पण खऱ्यासारखा डेटा हवा. खऱ्या लोकांची नावे-पत्ते चाचणीसाठी वापरणे म्हणजे ती गळतीला मोकळी सोडणे.

'स्ट्रिंग::रँडम' हे मॉड्यूल पर्लच्या सर्वांत प्रसिद्ध शस्त्रालाच उलटे धरते. नमुना देऊन मजकुरात जुळणारे शब्द शोधणे ही पर्लची ख्याती. हे मॉड्यूल नमुना घेते आणि त्याला जुळणारे शब्द बनवून देते. क्लासन आणि ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल भाषेसाठी मांडलेली 'क्विकचेक'ची कल्पना टॉम मोर्टेल यांनी 'लेक्ट्रोटेस्ट' या मॉड्यूलद्वारे पर्लमध्ये आणली : प्रोग्रॅमचा नियम सांगा, तो मोडणारी उदाहरणे यंत्र स्वतः शोधील.

आणि 'डेटा::फेकर'. बनावट नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक तयार करणारे हे मॉड्यूल. रूबी भाषेतील प्रसिद्ध 'फेकर' हा याच मॉड्यूलाचे रूपांतर असल्याचे स्वतः सांगत आला. पायथॉनमधील 'फेकर'ही आपल्या प्रेरणास्थानांत पर्लचे नाव घेतो. मूळ मॉड्यूल आज थोड्यांच्याच वापरात असेल, वारसा मात्र जगभर चालू आहे.

१९/
शेवटी मराठी वाचकाला थेट भिडणारा एक प्रसंग. पर्लमध्ये 'मराठी' हा शब्द योग्य रीतीने, युनिकोड अक्षरे म्हणून वाचून घ्यावा आणि डम्परला द्यावा. पडद्यावर देवनागरी दिसत नाही. 'म' ऐवजी उलटी तिरपी रेघ, 'एक्स' हे रोमन अक्षर आणि महिरपी कंसात 'म'चा युनिकोड क्रमांक. तसेच पुढच्या प्रत्येक चिन्हाचे. नवशिक्याला वाटते, काहीतरी बिघडले.

तोच शब्द युनिकोडमध्ये न उलगडता, कच्च्या बाइटांच्या रूपात दिला, तर पडद्यावर 'मराठी' असे स्वच्छ उमटते. नवशिक्याला वाटते, आता बरोबर झाले. मग तो पर्लला शब्दाची लांबी विचारतो. कागदावर अक्षरे तीन. काना आणि वेलांटी वेगळी धरणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे पाच. पहिल्या, 'बिघडलेल्या' शब्दाची लांबी पर्ल पाच सांगते. पडद्यावर स्वच्छ दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दाची लांबी ती सांगते पंधरा.